हापूसच्या पानातून डीएनए काढताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मी पहिल्यांदा आंब्याच्या पानातून डीएनए काढला तेव्हा ट्यूबच्या तळाशी चहाच्या चोथ्याच्या रंगाचं काहीतरी बसलं होतं. पिपेटच्या टिपेला लावलं की भेंडीच्या तारेसारखं ताणलं जायचं. मशीनवर आकडा मात्र झकास आला, मायक्रोलिटरला हजाराच्या वर नॅनोग्रॅम. खुशीत पीसीआर लावला, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढणारी रिअ‍ॅक्शन. जेल कोरी, प्रतींची पट्टी कुठेच नाही. मग प्रायमर (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे छोटे डीएनए) बदलले, तापमान बदललं, एन्झाइमची नवी बाटली मागवली. तीन आठवडे असे गेल्यावर प्रयोगशाळेतल्या एका सीनियर ताईंनी ट्यूब उजेडासमोर धरली आणि विचारलं, "पान कुठलं घेतलं होतंस?"

झाडाखाली उभं राहून हाताला लागेल ते जून, गर्द हिरवं पान मी तोडलं होतं. सगळी गोची तिथेच होती.

तुमचे ते तीन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितेय. पद्धत सीटॅबचीच, म्हणजे साबणासारख्या एका रसायनाची आहे. १९८० मध्ये मरे आणि थॉम्पसन यांनी ती मांडली, १९८७ मध्ये डॉयल दांपत्याने ताज्या पानांसाठी सोपी करून दिली, आणि आजही वनस्पतींवर काम करणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांत तिचाच कुठला ना कुठला अवतार चालतो. उदाहरण हापूसचं घेतलंय, कारण माझा हात त्यावर बसलाय. शिवाय आंबा हा खट पाहुणा आहे. तो जमला की भात, गहू, टोमॅटो सोपे वाटतात. काजू, कोकम, द्राक्षं, कापूस यांनाही थोड्याफार फरकाने हेच लागू पडतं.

१. डीएनए कशासाठी हवाय, ते आधी ठरवा

साध्या पीसीआरला एका रिअ‍ॅक्शनमागे १० ते ५० नॅनोग्रॅम डीएनए पुरतो. तो थोडा तुटलेला असला तरी चालतं, पण त्यात एन्झाइमला अडवणारं काही नको. लांब तुकडे वाचणाऱ्या सिक्वेन्सिंगला (डीएनएची अक्षरं क्रमाने वाचण्याला) मायक्रोग्रॅममध्ये माल लागतो आणि तोही अखंड. म्हणजे एकाच ट्यूबमधला डीएनए एका कामाला उत्तम आणि दुसऱ्याला टाकाऊ असू शकतो. खाली दिलेली कृती पीसीआर, एसएसआर मार्कर (जात ओळखायच्या डीएनएमधल्या खुणा) आणि आखूड तुकड्यांचं सिक्वेन्सिंग यांना पुरून उरते.

आणखी एक. बागायतदार हमखास विचारतात, "डीएनएवरून आंबा रत्नागिरीचा की बाहेरचा ते कळेल ना?" रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन जागेचं आहे. डीएनए जात सांगतो. हापूस कलमाने वाढवतात, त्यामुळे एकाच मातृवृक्षाची कलमं देवगडला लावा नाहीतर पुण्याजवळ, पानातला डीएनए जवळपास तोच राहणार. हे सुरुवातीलाच सांगून टाका, नाहीतर नंतर तोंडघशी पडायची वेळ येते.

२. झाड ओळखा, मग पान निवडा

कलमी झाडाचा खुंट वेगळ्या झाडाचा असतो, बहुधा रायवळ आंब्याच्या कोयीचा. जुन्या कलमांना जोडाच्या खालून फुटवे येतात. ती पानं खाली, हाताशी आणि छान कोवळी असतात, म्हणून नवखा माणूस नेमकी तीच तोडतो आणि हापूस म्हणून रायवळचा डीएनए काढून बसतो. जोड कुठे आहे ते खोडावर बघा. दिसत नसेल तर ज्याने कलम लावलं त्याला विचारा. पान नेहमी जोडाच्या वरच्या फांदीचंच घ्या.

आता पान. आंब्याची नवी पालवी आधी तांबूस येते, मग पोपटी होते, मग गर्द हिरवी आणि चिवट. मला सगळ्यात चांगला डीएनए मिळतो तो तांबूसपणा उतरून पान पोपटी व्हायला लागतं त्या चार-सहा दिवसांत. तेव्हा पान मऊ असतं, वाटायला सोपं जातं आणि तेवढ्याच वजनात पेशी जास्त मिळतात. जून पानात पिष्ट आणि चिकट शर्करा साचलेल्या असतात, शिवाय फिनॉल भरपूर. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना, तोच हा फिनॉलचा प्रकार. पेशी फुटली की फिनॉलचं ऑक्सिडेशन होऊन क्विनोन बनतात आणि ते डीएनएला असे चिकटतात की मग कितीही धुवा, तपकिरी रंग जात नाही. म्हणून हा रंग धरूच द्यायचा नाही, एवढं एक धोरण पुढच्या प्रत्येक पायरीत ठेवा.

कोकणात पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पालवीची एक लाट येते. नमुने गोळा करायचं त्या सुमारास ठरवा. झाड कुंडीत असेल तर तोडण्याआधी एक-दोन दिवस अंधारात ठेवा, म्हणजे पानातलं पिष्ट कमी होतं. बागेतल्या झाडाला ते शक्य नाही, तिथे भल्या पहाटे पान तोडणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय.

तुडतुड्यांच्या चिकट्यावर वाढलेली काळी बुरशी, गाठी आलेली पानं, किडे, कोळ्यांची जाळी हे सगळं टाळा. तुमच्या ट्यूबमध्ये त्यांचाही डीएनए येतो. पान ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने दोन्ही बाजूंनी पुसून कोरडं करा.

३. पान प्रयोगशाळेपर्यंत कसं आणायचं

एकदा मी पानं ओल्या कापडात गुंडाळून, वर बर्फ ठेवून रात्रभराच्या प्रवासाने आणली. सकाळपर्यंत बर्फाचं पाणी झालं आणि पानं त्यात भिजून काळी पडली. तीस झाडांचे नमुने गेले. तेव्हापासून दोनच मार्ग वापरते.

प्रवास तीन-चार तासांचा असेल तर पान कोरडं करून झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि मग बर्फाच्या डब्यात. बर्फाचा पानाला थेट स्पर्श नको.

त्याहून लांब असेल तर सिलिका जेल. पानाचे नखाएवढे तुकडे करून चहाच्या कागदी पिशवीत घाला आणि ती पिशवी पानाच्या वजनाच्या दहापट तरी सिलिका जेलमध्ये पुरा. पान दिवसभरात कुरकुरीत वाळायला हवं. रेंगाळत वाळलं तर डीएनए तुटतो. जेलच्या खड्यांचा रंग बदलला की ते बदला. निळ्या खड्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, त्यामुळे मी नारिंगी वापरते. असं वाळवलेलं पान कोरड्या बंद डब्यात महिनोन्महिने टिकतं.

पिशवीवर नाव पेन्सिलीने लिहा आणि त्याच नावाची चिठ्ठी आतही टाका. अल्कोहोल लागलं की मार्करची शाई पुसली जाते, हे एकदातरी प्रत्येकाच्या नशिबी येतं.

झाड खासगी बागेतलं असेल तर मालकाची परवानगी, वनक्षेत्रातलं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी घ्या. नमुना किंवा डीएनए परदेशात पाठवायचा असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याचे नियम लागू होतात. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण चेन्नईत आहे आणि आपल्या राज्याचं मंडळ नागपुरात. त्या कागदांना वेळ लागतो, म्हणून पानं तोडायच्या आधीच मार्गदर्शकांशी बोलून घ्या.

४. साहित्य आणि द्रावणं

लागणाऱ्या वस्तू: खलबत्ता (चिनी मातीचा, फ्रीझरमध्ये थंड केलेला), २ मिलीलिटरच्या पॉलिप्रोपिलीन ट्यूब, ६५ अंशांचा वॉटर बाथ, सेंट्रिफ्यूज (ट्यूब गरगर फिरवणारं यंत्र), फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट), पिपेट, जेलचं साहित्य. जमलं तर लिक्विड नायट्रोजन.

सीटॅब बफर, १०० मिलीलिटर:
- सीटॅब २ ग्रॅम
- सोडियम क्लोराइड ८.१८ ग्रॅम (म्हणजे १.४ मोलर)
- १ मोलर ट्रिस, पीएच ८, १० मिलीलिटर
- ०.५ मोलर ईडीटीए, पीएच ८, ४ मिलीलिटर
- पीव्हीपी (४०,००० रेणुभाराचं) २ ग्रॅम
- पाणी घालून एकूण १०० मिलीलिटर

सॉर्बिटॉलचं धुण्याचं द्रावण: सॉर्बिटॉल ०.३५ मोलर, ट्रिस १०० मिलीमोलर (पीएच ८), ईडीटीए ५ मिलीमोलर, पीव्हीपी १ टक्का.

याशिवाय: क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल २४:१, ५ मोलर सोडियम क्लोराइड, शुद्ध इथेनॉल, ७० टक्के इथेनॉल, आरएनए तोडणारं एन्झाइम आरएनएज ए (१० मिलिग्रॅम प्रतिमिलीलिटर), बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल आणि टीई बफर (ट्रिस १० मिलीमोलर, ईडीटीए ०.१ मिलीमोलर, पीएच ८). नेहमीच्या टीईत ईडीटीए १ मिलीमोलर असतं. मी दहापट कमी घालते, कारण ईडीटीए मॅग्नेशियमला धरून ठेवतं आणि पीसीआरच्या एन्झाइमला मॅग्नेशियमच हवं असतं.

द्रावणं बनवताना नवख्यांना तीन ठिकाणी हमखास ठेच लागते.

पहिली ईडीटीएची. १८.६१ ग्रॅम डायसोडियम ईडीटीए १०० मिलीलिटरसाठी पाण्यात टाकून तासभर ढवळलं तरी ते विरघळत नाही आणि आपल्याला वाटतं रसायनच खराब आहे. तसं काही नसतं. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या थोड्या थोड्या घालत पीएच ८ च्या जवळ नेला की पांढरं दूध एकदम पारदर्शक होतं. सुमारे २ ग्रॅम गोळ्या लागतात.

दुसरी ट्रिसची. त्याचा पीएच तापमानाप्रमाणे हलतो. आम्ल घातल्यावर द्रावण गरम होतं, तेव्हा घाईने पीएच लावला तर थंड झाल्यावर तो वर गेलेला सापडतो. निवू द्या, मग लावा.

तिसरी खुद्द सीटॅबची. ते साबणासारखं फेसाळतं, त्यामुळे जोरात ढवळू नका, कोमट करून हळूहळू विरघळवा. पूड नाकात गेली तर झोंबते, मास्क लावा. थंडीत बाटलीत पांढरे स्फटिक जमतात. बफर बिघडलेला नसतो, ६५ अंशांना ठेवला की पूर्ववत होतो.

मर्कॅप्टोइथेनॉल बाटलीत आधीच घालून ठेवू नका, त्याचा जोर जातो. त्या दिवशी लागेल तेवढ्याच बफरमध्ये, दर मिलीलिटरला १० मायक्रोलिटर, फ्यूम हूडखाली घाला. सॉर्बिटॉलच्या द्रावणातही तेवढंच. वास सडक्या अंड्यांसारखा असतो आणि ते विषारीही आहे. मजल्यावरच्या सगळ्यांना तुमचा प्रयोग कळला तर समजा हूड चालू केलेलं नाही.

५. वाटण

१०० मिलिग्रॅम ताजं पान (वाळलेलं असेल तर २० मिलिग्रॅम) मधली शीर काढून थंड खलात टाका. वर लिक्विड नायट्रोजन ओता, बुडबुडे थांबेपर्यंत थांबा आणि पान ठिसूळ झालं की घोटा. पूड टाल्कम पावडरइतकी बारीक आणि फिकट हिरवी हवी. ती ओलसर, गर्द हिरवी दिसायला लागली की समजा वितळली, म्हणजे एन्झाइमं जागी झाली आणि फिनॉलचा खेळ सुरू झाला. त्याआधीच पुन्हा नायट्रोजन ओता.

नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो. एक लिटर द्रवाचा सुमारे सातशे लिटर वायू होतो, म्हणून दारं-खिडक्या बंद करून काम करू नका आणि घट्ट झाकणाच्या भांड्यात तो कधीही भरू नका. चष्मा लावा. हातमोजे सैल हवेत, आत सांडलं तर झटकन काढता आले पाहिजेत. छोट्या गावातल्या कॉलेजांना तो मिळत नाही अशी तक्रार असते. तिथे जनावरांच्या कृत्रिम रेतनाचं काम करणाऱ्यांकडे चौकशी करा. रेतमात्रा त्यातच ठेवतात, त्यामुळे पुरवठादाराचा पत्ता त्यांना ठाऊक असतो.

नाहीच मिळाला तर सिलिका जेलमध्ये वाळवलेलं पान चिमूटभर स्वच्छ वाळू घालून कोरडंच घोटा. पीसीआरपुरता डीएनए त्यातूनही व्यवस्थित मिळतो.

१०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पान घेण्याचा मोह आवरा. दुप्पट पान म्हणजे दुप्पट चिकटा, बफर तेवढाच. माझ्या अनुभवात डीएनए उलट कमी निघतो.

६. सॉर्बिटॉलने धुणं

ही पायरी भात-गव्हाला लागत नाही. आंब्याला मात्र ती टाळू नका. माझ्या तपकिरी पेलेटवर (ट्यूबच्या तळाशी बसणाऱ्या गोळ्यावर) खरा उतारा पडला तो इथेच.

पूड ट्यूबमध्ये घेऊन तिच्यावर १.५ मिलीलिटर थंड सॉर्बिटॉल द्रावण घाला, हलवून एकजीव करा, ५,००० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ५,००० पट जोराला) ५ मिनिटं फिरवा. वरचं पाणी ओतून द्या. सॉर्बिटॉलमुळे केंद्रकं फुटत नाहीत, ती चोथ्याबरोबर खाली बसतात आणि डीएनए त्यांच्यात सुरक्षित राहतो. बाहेरचा चिकटा आणि बरंचसं फिनॉल पाण्याबरोबर जातं. ओतलेलं पाणी टिपेने उचलून सोडून बघा. तार धरत असेल तर पुन्हा धुवा. पोपटी पानाला दोनदा पुरतं, जून पानाला चार-चार वेळा धुतलंय.

"जी" आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) एकच समजू नका. १०,००० आरपीएमला किती जी पडतात हे रोटरच्या त्रिज्येवर ठरतं. बऱ्याच यंत्रांवर बदलायचं बटण असतं.

७. सीटॅबमध्ये शिजवणं

बफर आधीच ६५ अंशांना तापवून ठेवा. धुतलेल्या चोथ्यावर ८०० मायक्रोलिटर घाला, गुठळी राहू देऊ नका, ६५ अंशांना ४५ मिनिटं ठेवा. दर दहा मिनिटांनी ट्यूब हळूच उलटीसुलटी करा.

आत काय चाललंय ते कळलं की चुका कमी होतात. सीटॅब पेशीची आणि केंद्रकाची आवरणं फोडतं. ईडीटीए मॅग्नेशियम काढून घेतं, त्यामुळे डीएनए कुरतडणारी एन्झाइमं लुळी पडतात. पीव्हीपी फिनॉलला धरून ठेवतं आणि मर्कॅप्टोइथेनॉल त्याचं ऑक्सिडेशन होऊ देत नाही. मिठाचं काम सगळ्यात महत्त्वाचं. मीठ ०.७ मोलरच्या वर असेपर्यंत सीटॅब शर्करा आणि प्रथिनांना धरतं आणि डीएनए द्रावणात मोकळा राहतो. मीठ त्याखाली गेलं की सीटॅब डीएनएलाच घेऊन खाली बसतं. त्यामुळे "जरा घट्ट वाटतंय" म्हणून नुसतं पाणी घालायचं नाही. बफरच घाला.

इथून पुढे व्होर्टेक्स (ट्यूब जोरात हलवणारं यंत्र) बंद. डीएनए उघडा पडलाय, त्याला झटके दिले की तुकडे होतात.

८. क्लोरोफॉर्म

ट्यूब खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गरम असताना क्लोरोफॉर्म घातलं तर झाकण उडून अंगावर येतं. ८०० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल घाला, दहा मिनिटं हळूहळू उलटसुलट करा आणि १२,००० जीला १० मिनिटं फिरवा.

सेंट्रिफ्यूज ४ अंशांवर लावू नका! "थंड म्हणजे सुरक्षित" असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं, पण थंडीत सीटॅब गोठून खाली बसतं आणि सगळा घोळ होतो. २० ते २५ अंशांवरच फिरवा.

आता तीन थर दिसतील. खाली हिरवं क्लोरोफॉर्म, मध्ये पांढरट साय, वर पाणी. डीएनए वरच्या पाण्यात असतो. टिपेचं टोक कात्रीने थोडं कापून भोक मोठं करा आणि वरचे ६०० मायक्रोलिटर हळू उचला. साय ओढली जाईल अशी शंका आली तर थांबा. शेवटच्या थेंबाच्या लोभाने चार तासांचं काम नासतं.

त्यात ५ मायक्रोलिटर आरएनएज घालून ३७ अंशांना अर्धा तास ठेवा. मग तेवढंच क्लोरोफॉर्म पुन्हा घालून सगळं परत करा. या दुसऱ्या खेपेत आरएनएजही निघून जातं. वरचा थर या वेळी स्वच्छ दिसला पाहिजे. गढूळ असेल तर तिसरी खेप करा.

क्लोरोफॉर्म नायट्रिलच्या हातमोज्यातून पटकन आरपार जातं. सांडलं की मोजा लगेच बदला. पॉलिस्टायरिनची भांडी त्यात विरघळतात. वापरलेलं क्लोरोफॉर्म बेसिनमध्ये ओतू नका, हॅलोजनयुक्त कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत टाका.

९. डीएनए खाली बसवणं

नव्या ट्यूबमध्ये ४०० मायक्रोलिटर स्वच्छ थर, २०० मायक्रोलिटर ५ मोलर मीठ आणि १,२०० मायक्रोलिटर थंड इथेनॉल घ्या. मीठ वाढवल्यामुळे उरलेल्या शर्करा द्रावणातच राहतात आणि इथेनॉलमुळे डीएनए खाली येतो. साध्या पिकांना यातलं मीठ न घालता ०.७ पट आयसोप्रोपेनॉल वापरतात, ते आंब्यावर मला कधीच नीट लाभलं नाही.

ट्यूब सावकाश उलटी करा. कधी कधी कापसाच्या तंतूसारखी पांढरी गुंतवळ तरंगताना दिसते. दिसली तर तुमचा दिवस चांगला. नाही दिसली तरी घाबरू नका. फ्रीजमध्ये, ४ अंशांना, अर्धा तास ठेवा. उणे २० अंशांना रात्रभर ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते. त्यात डीएनए थोडा वाढतो आणि चिकटा-मीठ बरंच वाढतं, म्हणून मी ठेवत नाही.

१०,००० जीला १० मिनिटं फिरवा, वरचं ओतून द्या. ७० टक्के इथेनॉलने एक-एक मिलीलिटरचे दोन धुणे द्या, प्रत्येक वेळी पाच मिनिटं फिरवून. ओतताना पेलेटवर डोळा ठेवा. ते सुटून नळीतून निघून जाणं हा प्रकार संध्याकाळी सहानंतर फार होतो.

उरलेलं इथेनॉल बारीक टिपेने काढा आणि झाकण उघडं ठेवून पाच ते दहा मिनिटं वाळवा. कडक वाळवलंत तर डीएनए विरघळता विरघळत नाही. ओलं ठेवलंत तर जेलमध्ये नमुना खाचेतून वर तरंगून निघून जातो. पेलेटच्या कडा पारदर्शक झाल्या की पुरे. ५० मायक्रोलिटर टीई घाला आणि रात्रभर ४ अंशांना स्वस्थ पडू द्या. टिपेने वर-खाली ओढून घाई करू नका.

१०. तपासणी: आकड्यावर भाळू नका

माझा हजार नॅनोग्रॅमचा आकडा आठवतोय ना? स्पेक्ट्रोफोटोमीटर २६० नॅनोमीटरला प्रकाश शोषणारं सगळंच डीएनए म्हणून मोजतो, मग ते आरएनए असो की फिनॉल. म्हणून तीन चाचण्या, तिन्ही करायच्या.

प्रकाशाची गुणोत्तरं: २६०/२८० हे १.८ च्या आसपास हवं. २६०/२३० दोनच्या आसपास किंवा थोडं वर. नवखे फक्त पहिलं बघतात. आंब्यात दगा देतं ते दुसरं. ते एकच्या खाली असेल तर शर्करा, फिनॉल किंवा मीठ राहिलंय. ब्लँक (यंत्राचं शून्य) घेताना पाणी नको, ज्या टीईत डीएनए विरघळवलाय तोच घ्या. खरं प्रमाण हवं असेल तर डीएनएला चिकटून चमकणाऱ्या रंगाचं फ्लुओरोमीटर वापरा.

जेल: ०.८ टक्के अ‍ॅगॅरोज, शेजारी लॅम्डा डीएनएचा हिंडथ्री मार्कर (माहीत असलेल्या लांबीचे तुकडे). चांगला डीएनए मार्करच्या सगळ्यात वरच्या, २३ किलोबेसच्या पट्टीच्या आसपास किंवा वर एक घट्ट पट्टी देतो. वरून खालपर्यंत धूर दिसला तर तो तुटलाय, म्हणजे पान आणताना किंवा वाटताना चूक झाली. तळाशी धूसर ढग म्हणजे आरएनए. खाचेतच चमक अडकली असेल तर शर्करा किंवा प्रथिनं.

पीसीआर: हरितलवकातल्या आरबीसीएल जनुकाचे प्रायमर हाताशी ठेवा. तो हिरव्या वनस्पतींत असतोच आणि त्याच्या प्रतीही भरपूर असतात, त्यामुळे तो वाढला नाही तर दोष डीएनएच्या शुद्धतेत आहे असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. डीएनए तसाच, दहापट पातळ करून आणि पन्नासपट पातळ करून, अशा तीन रिअ‍ॅक्शन लावा. पातळ केलेला चालला आणि दाट चालला नाही, तर आत एन्झाइमला अडवणारं काहीतरी आहे. त्या तीन आठवड्यांत मी हे एकदाही करून पाहिलं नव्हतं. पुढे तोच तपकिरी नमुना पन्नासपट पातळ केला आणि पट्टी आली, फिकट, पण आली.

प्रत्येक खेपेत पान न घातलेली एक ट्यूब पहिल्यापासून शेवटपर्यंत सोबत चालवा. तिच्यातही पट्टी आली तर तुमचा बफर किंवा पिपेट मळलंय.

११. साठवताना

५० मायक्रोलिटर एकाच ट्यूबमध्ये ठेवू नका. रोजच्या कामाचे १० मायक्रोलिटर ४ अंशांना, बाकीचे दोन ट्यूबमध्ये वाटून उणे २० अंशांना ठेवा. पुन्हा पुन्हा गोठवलं-वितळवलं की लांब धागे तुटतात. झाकणावर नमुन्याचा क्रमांक आणि तारीख लिहा. वहीत झाडाची जागा, पालवीचा रंग, किती वेळा धुतलं, दोन्ही गुणोत्तरं आणि जेलचा फोटो ठेवा. पालवीच्या रंगाचा रकाना माझ्या वहीत आधी नव्हता, आता सगळ्यात पहिला तोच भरते.